पेशी-आसंजन पेप्टाइडे आणि आतड्यातील जनुक अभिव्यक्ती

पेशी-आसंजन पेप्टाइडे म्हणजे पेशीला शेजारच्या पेशीशी अथवा भोवतालच्या आधारद्रव्याशी जोडणाऱ्या प्रथिनांमधील, प्रत्यक्ष बांधणीचे काम करणारे अमिनो आम्लांचे लहान क्रम होत. हे क्रम प्रयोगशाळेत स्वतंत्रपणेही तयार करता येतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींवर त्यांचा परिणाम केवळ चिकटण्यापुरता मर्यादित नसतो. पेशी कशाला चिकटली आहे, किती घट्ट चिकटली आहे आणि तिची पकड सुटली आहे काय, यांची वार्ता पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचते आणि त्यानुसार कोणती जनुके कार्यरत व्हावीत व कोणती निष्क्रिय राहावीत, हे ठरण्यास हातभार लागतो. या प्रक्रियेचा अभ्यास आतड्याच्या अस्तराची नित्य झीज व भरपाई, दाहक आंत्रविकार आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग समजून घेण्यासाठी महत्त्वाचा मानला जातो.

संज्ञा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी. प्रथिनाची साखळी शेकडो किंवा हजारो अमिनो आम्लांची असते, परंतु तिचा पेशीशी प्रत्यक्ष संबंध अनेकदा अवघ्या तीन ते सहा अमिनो आम्लांच्या क्रमातून येतो. अमिनो आम्लांना एकाक्षरी संकेत देण्याची पद्धत असल्याने हे क्रम त्या अक्षरांनीच ओळखले जातात. आर्जिनिन, ग्लायसिन व ॲस्पार्टिक आम्ल यांचा ‘आरजीडी’ हा क्रम सर्वांत परिचित आहे. तो फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन इत्यादी प्रथिनांत आढळतो. लॅमिनिन या प्रथिनातील ‘वायआयजीएसआर’ व ‘आयकेव्हीएव्ही’, कोलॅजेनमधील ‘जीएफओजीईआर’ आणि पेशी-पेशींना जोडणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांमधील ‘एचएव्ही’ हे अशाच प्रकारचे अन्य क्रम आहेत.

जनुक अभिव्यक्ती म्हणजे जनुकात साठवलेल्या माहितीवरून संदेशवाहक आरएनए व पुढे प्रथिन तयार होण्याची प्रक्रिया. शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत जनुकसंच एकच असतो. यकृताची पेशी आणि आतड्याची पेशी यांत जो भेद दिसतो, तो जनुकांच्या अभिव्यक्तीतील भेदामुळे असतो.

आतड्याच्या अस्तराची रचना

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. रसांकुरांच्या पायथ्याशी खोल खळगे असतात. या खळग्यांच्या तळाशी मूलपेशी असून त्यांच्या विभाजनातून नव्या पेशी सतत निर्माण होतात. नवी पेशी खळग्यातून वर सरकत रसांकुराच्या टोकाकडे जाते आणि तेथून आतड्याच्या पोकळीत गळून पडते. हा प्रवास सर्वसाधारणपणे तीन ते पाच दिवसांचा असतो. त्यामुळे आतड्याचे अस्तर शरीरातील सर्वाधिक वेगाने नूतनीकरण होणाऱ्या ऊतींपैकी एक ठरते.

या प्रवासात पेशीचे काम पूर्णपणे बदलते. खळग्यात असताना तिची विभाजनाशी संबंधित जनुके सक्रिय असतात. वर आल्यावर ती मंदावतात आणि सुक्रेज-आयसोमाल्टेज, लॅक्टेज यांसारख्या पाचक विकरांची जनुके सक्रिय होतात.

सर्व पेशी आधारपटल नावाच्या पातळ थरावर उभ्या असतात. लॅमिनिन व चौथ्या प्रकारचे कोलॅजेन हे त्याचे मुख्य घटक होत. हा थर सर्वत्र एकसारखा नसतो. खळग्याच्या तळाशी लॅमिनिनचे जे प्रकार आढळतात, त्यांहून वेगळे प्रकार रसांकुरावर आढळतात. पेशीवरील ग्राहीही त्यानुसार बदलतात. पेशी वर सरकते तसतशी तिच्या पायाखालची भूमी बदलत जाते आणि हा बदल तिच्या जनुकांना मिळणाऱ्या संकेतांपैकी एक असतो.

संशोधनाचा इतिहास

पेशींना आधार देणाऱ्या द्रव्याकडे दीर्घकाळ केवळ भराव किंवा सांधणारा पदार्थ म्हणून पाहिले जात होते. १९८४ मध्ये मायकेल पियर्शबाकर व एर्की रुओस्लाहती यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखवून दिले की, फायब्रोनेक्टिनसारख्या मोठ्या प्रथिनाची पेशी धरून ठेवण्याची क्षमता त्यातील अगदी लहान क्रमावर अवलंबून असते. त्या क्रमातील ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी त्याच्याशी अत्यंत साम्य असलेले ग्लुटामिक आम्ल घातले, तरी ही क्षमता लोपते. या दोन आम्लांत एका कार्बन गटाचाच फरक आहे. म्हणूनच ‘आरजीई’ हे पेप्टाइड आजही अशा प्रयोगांत तुलनेसाठी वापरले जाते.

हा क्रम ओळखणाऱ्या पेशीवरील ग्राही प्रथिनांना १९८६ मध्ये ‘इंटिग्रिन’ हे नाव मिळाले. पेशीबाहेरील आधारद्रव्य व पेशीच्या आतील सांगाडा यांना ती एकत्र जोडतात, हा त्या नावाचा आशय. सस्तन प्राण्यांत अल्फा प्रकारचे १८ व बीटा प्रकारचे ८ घटक असून त्यांच्या जोड्यांतून २४ इंटिग्रिने तयार होतात. या विषयातील कार्याबद्दल रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती व टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ चा मूलभूत वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

१९९४ मध्ये स्टीव्हन फ्रिश व हंटर फ्रान्सिस यांनी अस्तरपेशींची आधारावरील पकड सुटली की त्या नियोजित पेशीमृत्यूचा मार्ग धरतात, असे दाखवले. या प्रकाराला ‘अनोइकिस’ असे नाव देण्यात आले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बेघर होणे असा आहे. आधार सुटलेल्या पेशीने मरणे शरीराच्या हिताचे असते, कारण तसे न झाल्यास ती अन्यत्र रुजू शकते. कर्करोगाच्या पेशी नेमका हाच नियम मोडतात.

पृष्ठभागापासून केंद्रकापर्यंत

आसंजनाची वार्ता केंद्रकापर्यंत नेणारे मार्ग अनेक आहेत. आतड्याच्या संदर्भात पुढील तीन विशेष अभ्यासले गेले आहेत.

इंटिग्रिन मार्ग : इंटिग्रिनाला योग्य क्रम मिळाला की अनेक इंटिग्रिने एकत्र येऊन पुंजका तयार होतो. त्याच्या पेशीच्या आतील बाजूस ‘फोकल आसंजन कायनेज’ व ‘सार्क’ ही विकरे सक्रिय होतात. ती इतर प्रथिनांना फॉस्फेट गट जोडतात व अशा रीतीने संकेत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. या साखळीच्या शेवटी प्रतिलेखन घटक, म्हणजे डीएनएवर बसून जनुक सुरू वा बंद करणारी प्रथिने, प्रभावित होतात. पेशीचे विभाजन व तिचे जगणे यांच्याशी संबंधित जनुके या मार्गाच्या नियंत्रणाखाली येतात.

याप मार्ग : पेशी ज्या पृष्ठभागाला चिकटते त्याचा ताठपणा ती अंतर्गत तंतूंच्या ताणातून जोखते. पृष्ठभाग ताठ असल्यास ‘याप’ व ‘टॅझ’ ही प्रथिने केंद्रकात जाऊन वाढीशी संबंधित जनुके सक्रिय करतात. पृष्ठभाग मऊ असल्यास ती बहुतांशी केंद्रकाबाहेर राहतात. एकच पेप्टाइड ताठ व मऊ पृष्ठभागावर भिन्न परिणाम घडवते, त्याचे हे एक कारण आहे.

बीटा-कॅटेनिन मार्ग : बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला दोन कामे असतात. पेशीच्या कडेला ते ई-कॅडहेरिनला धरून शेजारच्या पेशीशी असलेला सांधा मजबूत करते. केंद्रकात गेल्यास तेच प्रथिन विभाजनाशी संबंधित जनुके सक्रिय करते. आतड्याच्या खळग्यातील मूलपेशी टिकून राहण्यासाठी हे दुसरे काम आवश्यक असते. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत ‘एपीसी’ जनुकातील बिघाडामुळे या प्रथिनाचा साठा वाढतो व ते केंद्रकात अवाजवी प्रमाणात पोहोचते. पेशींमधील सांधा आणि जनुकांचे नियंत्रण या दोन गोष्टी किती निकट आहेत, याचे हे ठळक उदाहरण आहे.

आतड्याच्या पेशींवरील प्रयोग

कॅको-२ पेशी : ही पेशीमालिका मानवी मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून मिळवलेली आहे. या पेशींनी तळ पूर्ण व्यापला की त्या आपोआप लहान आतड्यातील शोषक पेशींसारखे गुणधर्म धारण करतात. त्यामुळे आतड्याच्या अभ्यासात त्यांचा वापर सर्वत्र होतो. १९९७ मध्ये ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधनात लॅमिनिन-१ च्या थरावर वाढवलेल्या कॅको-२ पेशींत ‘सीडीएक्स२’ या जनुकाची अभिव्यक्ती वाढल्याचे आढळले. सीडीएक्स२ हे आतड्याच्या पेशीला तिची ओळख देणारे नियंत्रक जनुक आहे. त्याची अभिव्यक्ती कृत्रिमरीत्या दडपली असता आधारद्रव्यामुळे पेशीत घडणारे परिपक्वतेचे बदलही रोखले गेले. आधारद्रव्य, नियंत्रक जनुक व परिपक्वता ही साखळी या प्रयोगातून स्पष्ट झाली.

ऑर्गनॉइड : २००७ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधील गटाने ‘एलजीआर५’ हे आतड्याच्या मूलपेशींचे ओळखचिन्ह असल्याचे दाखवले. २००९ मध्ये याच गटातील तोशिरो सातो व सहकाऱ्यांनी एका मूलपेशीपासून खळगे व रसांकुरसदृश भाग असलेली सूक्ष्म आतडी प्रयोगशाळेत वाढवली. त्यासाठी उंदरातील एका विशिष्ट गाठीपासून मिळणारे, लॅमिनिनने समृद्ध असे जेल वापरण्यात आले. या जेलमध्ये असंख्य घटक असतात व प्रत्येक खेपेत त्यांचे प्रमाण थोडेफार बदलते. त्यामुळे कोणत्या घटकाचा कोणता परिणाम, हे वेगळे काढणे कठीण जाते.

ही अडचण कृत्रिम जेलमुळे बऱ्याच अंशी दूर झाली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पदार्थाच्या जेलला पेशी स्वतःहून चिकटत नाहीत. त्यावर संशोधक आपल्या इच्छेचे पेप्टाइड बसवू शकतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील मॅथियास लुटोल्फ यांच्या गटाने २०१६ मध्ये या पद्धतीने पुढील निष्कर्ष मांडले. फायब्रोनेक्टिनवर आधारित आसंजन मूलपेशींच्या जगण्यास व विभाजनास पुरेसे होते. ताठ जेलमध्ये याप मार्गाद्वारे मूलपेशींची संख्या वाढली. परंतु त्यांच्यापासून परिपक्व पेशी व ऑर्गनॉइड घडण्यासाठी मऊ जेल व लॅमिनिनवर आधारित आसंजन आवश्यक ठरले. वाढ आणि परिपक्वता या दोन अवस्थांना भिन्न आधार लागतो, असा याचा अर्थ होतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी आरजीडी बसवलेल्या अशाच जेलमध्ये मानवी आतड्याचे ऑर्गनॉइड वाढवले. उंदराच्या मोठ्या आतड्यातील जखमेत ते जेलसह सोडले असता ते तेथे रुजले व जखम भरून येण्यास मदत झाली.

इजा व पुनर्निर्मिती : २०१८ मध्ये ‘सेल स्टेम सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, उंदरांच्या मोठ्या आतड्याला सूज येऊन इजा झाली असता भोवतालच्या आधारद्रव्याची रचना बदलते व अस्तरपेशींतील याप-टॅझ मार्ग सक्रिय होतो. त्यामुळे पेशींच्या जनुक अभिव्यक्तीचा नमुना काही काळ गर्भावस्थेतील आतड्यासारखा होतो. पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनमध्ये पेशी वाढवूनही अशीच अवस्था निर्माण करता आली. दुरुस्तीच्या काळात पेशी अधिक प्रारंभिक अवस्थेकडे वळतात आणि आधारद्रव्यातील बदल त्यांना तिकडे वळवतो, असे यावरून दिसते.

स्थिर आणि मुक्त पेप्टाइड

या विषयात वारंवार गोंधळ निर्माण करणारा मुद्दा पेप्टाइडच्या स्थितीचा आहे. पृष्ठभागावर पक्के बसवलेले आरजीडी पेशीला पकड देते व तिच्या जगण्याचे संकेत सुरू करते. तेच आरजीडी द्रावणात मुक्तपणे मिसळल्यास इंटिग्रिनांच्या बांधणीच्या जागा व्यापते, परंतु ओढून धरण्यासाठी मागे घन आधार नसतो. परिणामी पेशीची खऱ्या आधारावरील पकड सैल होते आणि आधारावर अवलंबून असलेली पेशी अनोइकिसकडे झुकू शकते. क्रम एकच असूनही परिणाम परस्परविरुद्ध होतो.

मुक्त पेप्टाइडच्या या गुणाचा उपयोग कर्करोग रोखण्यासाठी करण्याचे प्रयत्न झाले. १९८६ मध्ये आरजीडी असलेल्या पेप्टाइडमुळे उंदरांच्या फुप्फुसात कर्कपेशी रुजण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. त्यानंतर वलयाकार आरजीडी पेप्टाइड असलेले ‘सिलेंजिटाइड’ हे औषध विकसित झाले. मात्र मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत त्याने रुग्णांचे आयुर्मान वाढले नाही. त्यापूर्वी २००९ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासात अत्यल्प मात्रेतील अशा औषधांनी गाठीची वाढ उलट वाढू शकते, असेही आढळले होते. मात्रा, पेशीचा प्रकार व पेप्टाइडची स्थिती यांचा विचार केल्याविना कोणत्याही पेप्टाइडला हितकर किंवा अहितकर ठरवता येत नाही.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्यातील गणेशखिंड परिसरात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात असलेले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र हे देशातील पेशी संवर्धनाचे प्रमुख केंद्र आहे. १९८० च्या दशकात प्राणी ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून त्याचा आरंभ झाला. येथील पेशीसंग्रहातून देशभरातील प्रयोगशाळांना पेशीमालिका पुरवल्या जातात. आतड्याच्या पेशींवरील प्रयोगांना लागणारी मूळ सामग्री अशा संग्रहामुळे देशातच उपलब्ध होते.

पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, येथील संजीव गलांडे यांच्या गटाने खारघर येथील संशोधकांच्या सहकार्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील ‘एसएटीबी१’ या प्रथिनाचा अभ्यास केला. हे प्रथिन केंद्रकातील डीएनएच्या मांडणीत भाग घेते व त्यायोगे एकाच वेळी अनेक जनुकांवर परिणाम करते. २०१६ मध्ये ‘ऑन्कोजीन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार एसएटीबी१ ची अभिव्यक्ती बीटा-कॅटेनिन मार्गाच्या नियंत्रणाखाली असते व त्याच्या वाढीमुळे कर्करोगास चालना मिळते.

नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत सोराब दलाल यांच्या गटाने पेशी-पेशींमधील सांध्यांचा अभ्यास केला आहे. डेस्मोसोम नावाच्या सांध्यात प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून मिळवलेल्या एचसीटी११६ या पेशीमालिकेत त्याचे प्रमाण घटवले असता पेशींचे परस्परांना चिकटणे कमी झाले आणि उंदरांमध्ये कर्करोग पसरण्याचे प्रमाण वाढले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच गटाच्या पुढील संशोधनात प्लाकोफिलिन-३ घटल्यास पीआरएल-३ व लिपोकॅलिन-२ या प्रथिनांचे प्रमाण वाढते, असे दिसून आले. लिपोकॅलिन-२ चा संबंध ५-फ्लुरोयुरासिल या नेहमीच्या औषधाला कर्कपेशी दाद न देण्याशीही आढळला. या प्रयोगांत लहान पेप्टाइडे नव्हे, तर पूर्ण आसंजन प्रथिन अभ्यासले गेले. तरीही सांधा सैल होण्याचा परिणाम पेशीच्या आतील प्रथिनांच्या प्रमाणावर कसा होतो, हे त्यांतून स्पष्ट होते.

वैद्यकीय उपयोग

आतड्याच्या विकारांत आसंजनावर आधारित उपचारांचे सर्वांत यशस्वी उदाहरण ‘व्हेडोलिझुमॅब’ हे आहे. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ व क्रोन विकार यांत रक्तातील पांढऱ्या पेशी आतड्याच्या भिंतीत मोठ्या प्रमाणात शिरतात. त्यांच्यावरील अल्फा४-बीटा७ इंटिग्रिन आतड्यातील रक्तवाहिन्यांवरील ‘मॅडकॅम-१’ या प्रथिनाला चिकटते. हे बंधन रोखणाऱ्या या प्रतिपिंडाला २०१४ मध्ये अमेरिका व युरोपात मान्यता मिळाली. त्यापूर्वीच्या ‘नॅटलिझुमॅब’ या औषधाचा परिणाम आतड्यापुरता मर्यादित नव्हता आणि त्यामुळे काही रुग्णांत मेंदूचा गंभीर संसर्ग उद्भवला. आसंजन नेमक्या ठिकाणी रोखणे किती आवश्यक आहे, हे या दोन औषधांच्या तुलनेतून लक्षात येते.

सीलिएक विकारात, म्हणजे गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णांत, आतड्याच्या पेशींमधील फटी आवळून धरण्यासाठी आठ अमिनो आम्लांच्या ‘लाराझोटाइड’ या पेप्टाइडची चाचणी झाली. तिचा तिसरा टप्पा २०२२ मध्ये थांबवण्यात आला. पेप्टाइड बसवलेल्या जेलमधून ऑर्गनॉइडचे रोपण करण्याची पद्धत अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे.

मर्यादा

कॅको-२ व एचसीटी११६ या दोन्ही पेशीमालिका कर्करोगातून आलेल्या असल्याने त्यांच्यातील निष्कर्ष निरोगी आतड्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या, मज्जातंतू, प्रतिकारक पेशी व जीवाणू सहसा नसतात. संदेशवाहक आरएनएचे प्रमाण वाढले म्हणजे त्या प्रमाणात प्रथिनही वाढले, असे गृहीत धरता येत नाही. दोन्हींचे स्वतंत्र मापन करावे लागते. पेशीचा प्रतिसाद पेप्टाइडच्या क्रमामुळेच आला, हे सिद्ध करण्यासाठी तीच अमिनो आम्ले वेगळ्या क्रमाने जोडलेले पेप्टाइडही तपासणे आवश्यक असते.

पोटातून घेतलेल्या पेप्टाइडांबाबत आणखी एक अडचण आहे. जठर व आतड्यातील विकरे अन्नातील प्रथिनांप्रमाणेच बहुतेक पेप्टाइडांचेही तुकडे करतात. तसेच अस्तरपेशींची इंटिग्रिने मुख्यतः आधारपटलाच्या बाजूला असतात आणि गिळलेले पेप्टाइड विरुद्ध, म्हणजे पोकळीच्या बाजूने येते. त्यामुळे प्रयोगशाळेतील ताटलीत जनुक अभिव्यक्ती बदलणारे पेप्टाइड आहारातून घेतल्यास तोच परिणाम साधेल, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.